मस्तानी दरवाजा पर्यटकांना दाखवता, आमच्या सुनेचं दार कोण उघडणार?

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी शिरूर तालुक्यातला निवृत्त शिक्षक. नोकरीभर इतिहास शिकवला. पाबळ आम्हाला जवळ, त्यामुळे दर वर्षी नववीच्या पोरांना मस्तानीच्या समाधीवर घेऊन जात असे. गेल्या वर्षी आपण आमच्या भागात एका कार्यक्रमाला आला होतात. भाषणात आपण बाजीराव-मस्तानीचा दाखला दिलात आणि म्हणालात, आता तो काळ राहिला नाही, जातीबाहेर लग्न करणाऱ्या तरुणांच्या पाठीशी हे शासन खंबीरपणे उभं आहे. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. माझा मुलगा माझ्या शेजारीच बसला होता, त्यानेही टाळ्या वाजवल्या. आपल्या शब्दावर विसंबून त्याने आणि त्याच्या मैत्रिणीने या उन्हाळ्यात लग्नाची नोटीस दिली.

आज ती मुलगी स्वतःच्या चुलत्याच्या घरात कोंडलेली आहे. म्हणून हे पत्र. आणि ते खुलं, कारण बंद पाकिटातून पाठवलेल्या अर्जांचं काय होतं ते आम्ही पाहून बसलो आहोत.

आम्ही चर्मकार. माझे वडील बाजाराच्या दिवशी पारावर बसून वहाणा शिवत. त्यांच्या कष्टावर मी डी. एड. झालो. माझा मुलगा रांजणगावच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिशियन आहे. मुलीकडे ऊस, बागायत, दारात दोन गाड्या. दोघं एका कॉलेजात होती. मुलगी २४ वर्षांची, पदवीधर, आमच्या घरी येऊन माझ्या बायकोबरोबर भाकरी थापायला बसायची. ती आमची सूनच, फक्त कागद व्हायचा होता.

दोघंही कागदोपत्री हिंदू. आळंदीला जाऊन तासाभरात हार घालून मोकळी झाली असती, पुणे जिल्ह्यात रोज तेच चालतं. पण ही पोरं म्हणाली, पळून जाऊन करायला आम्ही चोरी केलेली नाही, सरकारी कायद्याने करू, रजिस्टरवर सही करू आणि पेढे वाटू. मला अभिमान वाटला. आजही वाटतो.

आता त्या कायद्याचं ऐका. विशेष विवाह कायदा १९५४ चा. त्यात नोटीस दिल्यापासून ३० दिवस थांबायचं, आणि तोवर ती नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावायची. कोणाला हरकत असेल तर त्याने ती घ्यावी. हरकतीची कारणं कायद्यात ठरलेली आहेत: आधीचा जोडीदार हयात आहे का, वय पूर्ण आहे का, संमती देण्याइतकी बुद्धी शाबूत आहे का, नातं निषिद्ध तर नाही ना. जात त्यात कुठेही नाही. पण बोर्ड वाचायला कोण जातं? ज्याला जातीचीच हरकत आहे तोच जातो.

तो बोर्ड मी पाहिलाय. काचेचा, कुलूपबंद, वर ट्यूबलाइट. आत दोघांचे फोटो, संपूर्ण नावं, वय, व्यवसाय, गाव, घर क्रमांक. कोणीतरी काचेतून मोबाइलवर फोटो काढला. त्या फोटोत मुलीच्या चेहऱ्यावर नेमकी ट्यूबलाइटची पांढरी पट्टी आली आहे, चेहरा ओळखू येत नाही, पण नाव आणि पत्ता स्वच्छ वाचता येतो. संध्याकाळपर्यंत तो फोटो त्यांच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. रात्री तिघे चुलते आले आणि तिला तिच्या भाड्याच्या खोलीवरून घेऊन गेले. शेजारणीने सांगितलं, चप्पल घालायलाही थांबू दिलं नाही.

आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तिथले साहेब म्हणाले, "सर, हा घरगुती मामला आहे. तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच मुलाला समजवा." सज्ञान मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध डांबून ठेवणं हा घरगुती मामला कधीपासून झाला? शक्तिवाहिनी या संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये स्वच्छ सांगितलंय: दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घरच्यांची, भावकीची किंवा पंचायतीची परवानगी लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष हवा, २४ तास चालणारी हेल्पलाइन हवी, जोडप्यांना सुरक्षित निवारा हवा. त्या ठाण्यातल्या टेबलावर मी त्या निकालाची प्रत ठेवली. साहेबांनी ती उलटी करून तिच्यावर चहाचा कप ठेवला.

मंत्रिमहोदय, मस्तानीचा दाखला तुम्ही दिलात, तर तो पुरता ऐका. मी तो पोरांना अनेक वर्षं शिकवला आहे.

१७४० च्या सुरुवातीला बाजीराव मोहिमेवर असताना चिमाजी अप्पा आणि नानासाहेब, म्हणजे सख्खा भाऊ आणि पोटचा मुलगा, यांनी मस्तानीला कैदेत टाकलं. तिला कोणी बुंदेलखंडच्या छत्रसाल राजाची मुलगी म्हणतं, कोणी कलावंतीण. पुण्याच्या कर्मठांना दोन्ही सारखंच, कारण ती मुसलमान आणि पेशवे ब्राह्मण. घरात मुंजी-लग्नं निघाली तर ब्रह्मवृंद अडून बसला. तिच्या मुलाचं नाव कृष्णराव ठेवलं, पण मुंज होऊ दिली नाही. तो समशेरबहाद्दर म्हणून वाढला, १७६१ ला पानिपतावर याच मराठ्यांसाठी लढला, जखमी झाला आणि त्यातच गेला. मुंजीला चालला नाही, मरायला चालला.

१७३७ ला ज्या माणसाने मराठ्यांचे घोडे दिल्लीच्या वेशीपर्यंत नेले, त्याला स्वतःच्या घरातल्या एका खोलीचं कुलूप काढता आलं नाही. २८ एप्रिल १७४० ला तो नर्मदेकाठी रावेरखेडीला गेला, चाळिशीही पुरी झाली नव्हती. पाठोपाठ मस्तानी गेली. कोणी विष म्हणतं, कोणी आणखी काही, इतिहासकारांचं एकमत नाही. तिला पाबळला मूठमाती मिळाली.

पोरांना हे सांगताना एक मुलगी दर वर्षी हटकून विचारायची, "सर, पण पेशव्याने तिला सोडवलं का नाही?" मी सांगायचो, बाळांनो, तेव्हा संविधान नव्हतं, कायदा नव्हता, आता तसं होणार नाही. आता माझ्याच घरात तसं झालंय आणि सत्ता तुमच्या हातात आहे. तेव्हा तोच प्रश्न मी तुम्हाला विचारतो.

शनिवारवाड्याच्या उत्तरेकडचा मस्तानी दरवाजा गाइड कौतुकाने दाखवतात. कोथरूडचा तिचा महाल केळकर संग्रहालयात पुन्हा उभा करून ठेवलाय, लोक तिकीट काढून पाहतात. मेलेल्या प्रेयसीला महाल आणि जिवंत मुलीला कुलूप, हे कसलं राज्य? तीनशे वर्षांपूर्वीचं प्रेम तुम्हाला सोसतं, कारण त्यातलं कोणीही आज तुमच्या मतदारसंघात मत द्यायला येत नाही. आमच्या सुनेच्या चुलत्याकडे मात्र अख्ख्या भावकीची मतं आहेत. खरी अडचण ही आहे, ती लपवू नका.

उठता-बसता शाहू महाराजांचं नाव घेता ना? या माणसाने १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा केला. तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात १८७२ चा कायदा होता, त्याखाली लग्न करायचं तर आधी "मी हिंदू नाही" असं लिहून द्यावं लागे. महाराज नुसता कायदा करून थांबले नाहीत. मराठा आणि धनगर यांच्यात सोयरिकी व्हाव्यात म्हणून त्यांनी कागलच्या घाटग्यांची मुलगी इंदूरच्या होळकरांना देण्याचं ठरवलं, आणि त्यांच्या पश्चात १९२४ मध्ये ते लग्न झालं. सुरुवात स्वतःच्या भावकीतून केली! आज तुमच्यापैकी किती जणांनी आपली लेक जातीबाहेर दिली? हात वर करा. विधानसभेत मोजायला फार वेळ लागणार नाही.

आणि आमच्या समाजाला हे नवं नाही. बाराव्या शतकात कल्याणला, आजच्या बसवकल्याणला, महात्मा बसवेश्वरांच्या शरणांमध्ये मधुवरस या ब्राह्मणाची मुलगी आणि हरळय्या या चांभाराचा मुलगा यांचं लग्न झालं. बिज्जल राजाने दोन्ही बापांना देहदंड दिला. लग्न पोरांचं, मरण बापांचं. परवा चुलत्याने फोनवर मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही, पण ऐकताना मला हरळय्याच आठवला. माझी बायको तेव्हापासून रात्री दाराला आतून टेबल लावून झोपते. मुलाने कामावर जायचं सोडलंय, फोन उशाशी घेऊन बसतो. तिचा शेवटचा मेसेज आहे, "घरी आलेत, नंतर बोलते." तो तेवढाच उघडून पुन्हा पुन्हा बघतो. मला बीपीच्या गोळ्या वाढवून दिल्या आहेत.

तुमच्या योजनाही मला माहीत आहेत. आंतरजातीय विवाहाला प्रोत्साहन म्हणून ५० हजार रुपये, निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे. जोडपं जिवंत राहिलं, लग्न झालं, दाखला मिळाला, तर पैसे. लग्न होईपर्यंत जीव वाचवायचा कोणी, याचं उत्तर त्या योजनेत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये शासनाने एक समिती नेमली, आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नं करणाऱ्या जोडप्यांची माहिती गोळा करायला. ओरड झाल्यावर दोनच दिवसांत "आंतरजातीय" शब्द काढला, "आंतरधर्मीय" तसाच ठेवला. माहिती गोळा करायला दोन दिवसांत दोनदा निर्णय निघतो, संरक्षण द्यायला मात्र वरून आदेश आलेला नसतो.

देशात शंभरातली जेमतेम पाच लग्नं जातीबाहेर होतात, असं २०११-१२ च्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीत निघालं होतं. उरलेली पंचाण्णव जातीतच, आणि त्यांच्या मांडवात पहिल्या सोफ्यावर तुम्ही लोक बसलेले असता. एका रविवारी समाजाचा वधू-वर मेळावा, दुसऱ्या रविवारी समाजाच्या वसतिगृहाचं भूमिपूजन, मधल्या आठवड्यात फुले-शाहू-आंबेडकर. तिकीट जातीवर, मंत्रिपद जातीवर, आणि वर आम्हाला सांगता की जात नाहीशी करा. ती आमच्या पोरांनी करायची आणि मार खायचा, असंच ना?

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहून ठेवलंय की जात मोडायचा खरा उपाय मिश्रविवाह. १९४८ मध्ये त्यांनी स्वतः सारस्वत घरातल्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी लग्न केलं. त्यांच्या जयंतीला हार घालणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

माझं मागणं फार नाही. नोटीस बोर्डावर लावणं बंद करा. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्येच म्हटलं आहे की जोडप्याची इच्छा नसेल तर नोटीस प्रसिद्ध करू नये. महाराष्ट्राने पुढाकार घेऊन केंद्राकडे दुरुस्ती मागावी. प्रत्येक जिल्ह्याच्या विशेष कक्षाचा फोन नंबर त्याच बोर्डावर, त्याच काचेत लावा, आणि तो उचलायला माणूस बसवा. "घरगुती मामला" म्हणून हाकलून देणाऱ्यावर कारवाई करा, नुसती बदली नको.

आणि आमच्या सुनेला बाहेर काढा. तिला कोणत्याही न्यायाधीशासमोर उभी करा आणि एकटीला विचारा, कुठे जायचंय. ती घरी परत जाते म्हणाली तर मी एक शब्द बोलणार नाही. पण तिला विचारा तरी!

वकिलांनी हेबियस कॉर्पसचा, म्हणजे डांबून ठेवलेल्या माणसाला कोर्टासमोर हजर करायला लावण्याचा अर्ज तयार केला आहे, सोमवारी उच्च न्यायालयात दाखल करतोय. फीसाठी बायकोच्या पाटल्या मोडल्या. सोमवारच्या आत तुमच्या एका फोनने ते दार उघडू शकतं. तुमचे फोन कोणकोणत्या कामांसाठी जातात हे तालुक्यातलं शेंबडं पोरही जाणतं. हा एक फोन करा. वाडा कोणता, चुलता कोण, हे तुमच्या स्वीय सहायकाकडे दिलेल्या अर्जात लिहिलेलं आहे, पोच माझ्याकडे आहे.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
तालुका शिरूर, जिल्हा पुणे