दुसऱ्या गाडीआधी फाटकाबाहेर चालून बघ

चि. निनाद यास,

अनेक आशीर्वाद.

पुण्यातल्या फ्लॅटचे फोटो बघितले. स्वयंपाकघर ऐसपैस आहे, बाल्कनीतून टेकडीही दिसते. पण ‘पार्किंग दोन आहेत, ऋजुतासाठी दुसरी गाडी घ्यावीच लागेल’ असं तू सहज लिहून गेलास, तिथे मी थांबले. घराचा व्यवहार अजून ठरायचाय आणि दुसऱ्या गाडीचा हप्ता आधीच ठरला!

नकाशात सगळ्या संकुलाला मिळून एकच फाटक दिसतंय. किराणा दुकान भिंतीला लागून आहे म्हणतोस, पण त्या भिंतीला दार कुठाय? कोथिंबिरीची जुडी आणायची तर अख्ख्या कुंपणाला वळसा घालायचा, मग तो रुंद रस्ता जीव मुठीत धरून ओलांडायचा. असं झालं की माणूस नाइलाजाने किल्ली उचलतो. त्यात त्याचा आळस काढण्यात अर्थ नाही.

तू दादरच्या हिंदू कॉलनीत वाढलास, म्हणून पायी सगळं मिळणं तुला गृहीतच वाटतं. पण ते आपोआप झालेलं नाही. १८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाटी फोडण्यासाठी त्याने दादर-माटुंग्याची आखणी केली. बेताच्या उंचीच्या इमारती, झाडं, मध्ये बागा, एकमेकींना मिळणाऱ्या गल्ल्या. पुढे इथे शाळा आल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर वाणी आले. दादर टी.टी.मधला ‘टी.टी.’ म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम १९६४मध्ये बंद झाली तरी आपलं अडलं नाही, कारण बस होती आणि दोन्ही रेल्वेमार्गांचं स्टेशन चालत गाठता येत होतं. तुझी शाळा पायी, कॉलेज पायी. रुईयाला जाताना तू पावसात छत्री विसरायचास, तेवढीच काय ती अडचण!

आता सगळं छान आहे असं मुळीच नाही. पेव्हर ब्लॉक उखडलेत, फुटपाथवर मोटरसायकली उभ्या असतात, आणि दादर पश्चिमेला संध्याकाळी चालणं म्हणजे कोपर मारत पुढे सरकणं. तरी बाबा गुडघ्याचा पट्टा बांधून एकटे जाऊन भाजी आणतात, वाटेत दोघा-तिघांशी भांडून-बोलून येतात. तुमच्या त्या संकुलात ते राहायला आले तर तू ऑफिसातून येईपर्यंत गॅलरीत बसून राहतील. मुक्ताचंही तेच. दहा वर्षांची झाली की तिने क्लासला एकटीने जायला हवं. गाडी चालवता न येणाऱ्यांचा विचार घर घेताना कुणी करत नाही, आणि घरात निम्मी माणसं तीच असतात.

पुण्यात दुसरी घरं नाहीत असं नाही. कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत जुन्या सोसायट्या आहेत. एक खोली कमी मिळेल, लिफ्ट कुरकुरेल. पण वनाझ-गरवारे मेट्रो २०२२पासून तिथून धावतेय आणि आता ती थेट पुणे स्टेशनपर्यंत जाते. हिंजवडीच्या मेट्रोचा मार्ग शिवाजीनगरला सिव्हिल कोर्टापाशी हिला मिळतो, म्हणजे ती पूर्ण धावायला लागली की तुझ्या ऑफिसचंही गणित बसतं. नळस्टॉपला मात्र खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, आणि पायी रस्ता ओलांडणारा तिथेच ताटकळत उभा. एवढं काँक्रीट ओतणाऱ्यांना त्याची आठवण सगळ्यात शेवटी आली असावी. जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ रुंद केले तेव्हा कसे लोक रमतगमत चालायला लागले, ते तू बघितलंच आहेस.

गाडीच नको असं मी म्हणत नाही. आहे ती ठेवा. रात्री-अपरात्री दवाखाना, कोकणात जाणं, यासाठी ती हवीच. दुसरीचे मात्र हप्ते, विमा, पेट्रोल, सर्व्हिसिंग असं सगळं एका कागदावर मांड. तेवढ्या पैशांत जुन्या वस्तीतल्या घराच्या कर्जाचा हप्ता किती वाढवता येतो ते बँकेत विचार.

आणि आता कुठलंही घर बघायला गेलात की आधी फाटकाबाहेर पडा. रविवारी दुपारी जाऊ नका, कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला जा. मुक्ताचा हात धरून दुकानापर्यंत आणि बस स्टॉपपर्यंत चाला. फुटपाथ कुठे संपतो, दिवे आहेत का, पीएमपीची बस किती वेळाने येते ते बघा. बिल्डरच्या माहितीपत्रकातली ‘पाच मिनिटं’ बहुतेक गाडीची असतात.

टोकन एवढ्यात देऊ नकोस. पुढच्या आठवड्यात मी येतेय. पुणे स्टेशनवर उतरून मेट्रोने नळस्टॉपला येईन, तिथेच भेट. कर्वे रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत दोन-तीन घरं बघायची ठरवून ठेव. ऋजुतालाही घेऊन ये, तिचं मत मला तिच्या तोंडून ऐकायचंय. बाबांनी मुक्तासाठी रंगीत खडू घेऊन ठेवलेत, तेही आणते.

तुझी,
आई