नव्या रबरपट्टीऐवजी बाइंडिंग वायर : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय, सविनय नमस्कार.

गेल्या सोमवारी शाळेच्या बसमधून उतरताना माझ्या नातीची पोटरी फाटली. चौथीतली पोर आहे. त्या बसचं दार पुढच्या चाकाच्या अगदी मागं. खाली उतरून ती वळली आणि पाय चाकाच्या कमानीला घासला. टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. रात्रभर ती कण्हत होती आणि मी उशाशी बसून होतो. आता सकाळी हॉर्न वाजला की ती आईचा पदर सोडत नाही.

संध्याकाळी मी ती कमान जवळून पाहिली. मूळची रबरपट्टी वाळून, तडकून अर्धी गळून गेलेली. उरलेल्या भागावर पाण्याचा पाइप उभा चिरून चढवलेला, आणि तो निसटू नये म्हणून पत्र्याला भोकं पाडून बाइंडिंग वायरनं आवळलेला. वायरची पीळ दिलेली टोकं बाहेर, बरोबर मुलांच्या पोटरीच्या उंचीवर. एका टोकाला माझ्या नातीच्या मोज्याचा धागा अडकलेला होता.

ही पट्टी फाटल्याचं मी मालकाला मार्चमध्येच दाखवलं होतं. "काका, सुट्टीत चारही नव्या टाकतो," असा शब्द त्यानं शाळेच्या फाटकात सगळ्या पालकांसमोर दिला. जूनमध्ये बस आली ती नवा पिवळा रंग लावून. पट्टीच्या जागी तोच पाइप, त्यावर काळा रंग. लांबून पाहणाऱ्याला रबरच वाटावं, एवढी काळजी मात्र घेतलेली.

मी आयुष्यभर सातपूरला रबराच्या कारखान्यात काम केलं. गाड्यांच्या पट्ट्या या हातांनी कापल्या आहेत, त्यामुळे मला कोणी "किरकोळ गोष्ट आहे" असं सांगू नये. कमानीचा पत्रा कापलेला असतो, त्याची कड पात्यासारखी. ती झाकायला यू आकाराची पट्टी असते, आत स्टीलच्या क्लिपा, त्या पत्र्याला चावून बसतात. रबर ऊन आणि हवेतल्या ओझोननं तडकतं, म्हणून बाहेरच्या कामाला ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर वापरतात, ते जास्त टिकतं. एकदा पट्टी तडकली की आत पाणी आणि चिखल साचतो, पत्रा आतून गंजतो, क्लिपा सुटतात. अशा वेळी जुनी पट्टी पूर्ण ओढून काढायची, गंज तारेच्या ब्रशनं घासायचा, प्रायमर मारून वाळू द्यायचं, आणि नवी पट्टी एका टोकापासून रबरी हातोडीनं ठोकत न्यायची. पत्राच सडला असेल तर तेवढा तुकडा कापून नवा जोडायचा. एका कमानीला अडीच मीटरच्या आसपास पट्टी लागते, म्हणजे चारींना मिळून दहा मीटर. बसच्या एका टायरच्या किमतीपुढं हा खर्च काहीच नाही. तेवढ्यासाठी लेकराचं रक्त सांडलं.

साहेब, या बसकडं योग्यता प्रमाणपत्र आहे, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला. मी स्वतः पाहिलं, मुदत शिल्लक आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 56. आठ वर्षांवरच्या गाडीला ते दरवर्षी घ्यावं लागतं. मग तपासणीच्या दिवशी गाडीभोवती कोणी एक फेरी मारली की नाही? ब्रेक यंत्रावर मोजता, हेडलाइटचा झोत मोजता, धूर मोजता. पण पत्र्याच्या कडेवरून हात फिरवायला कुठलं यंत्र लागतं? ज्यानं सही केली त्यानं ती वायर पाहिली असेल तर तो गुन्हेगार आहे, आणि पाहिली नसेल तर त्यानं सही कशावर केली?

तक्रार ऑनलाइन टाकली. "प्रकरण निकाली" असा शेरा आला. कोणी फोन केला नाही, कोणी बस पाहिली नाही. शाळेत गेलो तर सांगितलं, बस ठेकेदाराची आहे. स्कूल बससाठी 2011 चे नियम आहेत, त्यात शाळेची परिवहन समिती आहे, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष. मग बस ठेकेदाराची आणि लेकरं कोणाची?

परवा त्रिमूर्ती चौकात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बसच्या कमानी पाहिल्या. निम्म्याहून जास्त बसची रबरं फाटलेली होती. शाळेच्या, कारखान्याच्या, लग्नाच्या वऱ्हाडाच्या, सगळ्याच. त्याच कडांना घासून दुचाकीवाले जातात. 2027 च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये हजारो कोटींचे आराखडे होतात, रिंगरोडच्या गप्पा होतात, फलक लागतात. या राज्यात पूल पडला की पुलांची तपासणी होते, बस जळली की बसची. माणूस मेल्याशिवाय फाइल हलतच नाही. आम्ही गाडी घेताना कर भरतो, पेट्रोलवर भरतो, टोलनाक्यावर भरतो, आणि मुलांच्या बसला दहा मीटर रबर मागायला मंत्र्याला पत्र लिहितो!

योग्यता तपासणीच्या यादीत चाकाच्या कमानी, पायऱ्या आणि दाराच्या कडा हाताने तपासण्याची सक्ती करा. कड उघडी असेल तर प्रमाणपत्र रोखा, आणि तपासणाऱ्याचं नाव प्रमाणपत्रावर ठळक छापा. नाशिकमधल्या सगळ्या स्कूल बसची दिवाळीआधी एकदा फेरतपासणी लावा.

पट्टी कशी बसवायची ते कोणाला येत नसेल तर मी येतो. माल मालकानं आणावा, मजुरी मला नको. चारही कमानी एका दिवसात होतात. तारीख कळवा.

आपला,
एक आजोबा,
सिडको, नाशिक