मावशी, एवढा एक नियम मोडू द्या

प्रिय मावशी,
सादर नमस्कार.

निरोप समारंभ तुम्ही होऊ दिला नाहीत. "हारतुरे आणलेत तर एक दिवस आधीची गाडी पकडेन," असा दम भरलात आणि खरोखरच कुणाला न सांगता झेलममध्ये बसून नगरला गेलात. आभार मानायचे नाहीत हा तुमचा जुना नियम. पण आता तुम्ही बाराशे किलोमीटरवर आहात, तेव्हा मला थांबवायला कुणी नाही. शिवाय दर रविवारी दुपारी मी विकासपुरीला कुणाकडे जाते, तिथे नक्की काय चालतं, हे दिल्लीतल्या मराठी मंडळींपासून माझ्या सासरपर्यंत सगळ्यांनी इतक्यांदा विचारलंय की एकदा उघडपणे लिहून टाकावं म्हटलं. तुमचा भाचा हे तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेलच. चष्मा शोधत बसू नका.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. मिझोरामला लागून, सीमेपलीकडे म्यानमारचं चिन राज्य आहे. डोंगराळ मुलूख, बहुतेक लोक ख्रिस्ती. १९८८ पासून तिथली माणसं जीव वाचवून इकडे येत आली आहेत, आणि १ फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं सत्ता बळकावली तेव्हापासून तर लोंढाच लागला. सीमेवरची तियाऊ नदी ओलांडली की मिझोराममधलं चंफाई. मिझो लोक त्यांचे भाऊबंदच, त्यामुळे तिथे आसरा मिळतो. पण संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात नाव नोंदवायचं तर दिल्लीच गाठावी लागते. म्हणून उत्तम नगर, हस्तसाल, बिंदापूर, बोडेला ह्या भागांतल्या चिंचोळ्या गल्ल्यांमधून, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या एकेका खोलीत ही कुटुंबं राहतात. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. त्यामुळे त्या कार्यालयानं दिलेलं कार्ड एका खिडकीवर चालतं, दुसऱ्या खिडकीवर "आधार कुठंय?" म्हणून परत येतं. बाप कुठल्या तरी लहानशा कारखान्यात, आई रात्री भाजीबाजार उठताना टाकून दिलेल्यातली बरी भाजी निवडायला. आणि पोरं घरात, नाहीतर जिन्यात.

त्या पोरांना तुम्ही तळमजल्यावरच्या एका खोलीत गोळा केलंत. तुमच्या चर्चमधली चार-पाच माणसं, दोन कॉलेजची पोरं, आणि पुढे मी. चिन लोकांची स्वतःची चर्चेस आहेत, बोलीप्रमाणे वेगवेगळी, भाड्याच्या हॉलमध्ये भरणारी. त्यांची उपासना आटोपल्यावरच आपला वर्ग सुरू करायचा, त्यांच्या पाळकांना विचारल्याशिवाय वेळ बदलायची नाही, असं तुमचं पहिल्यापासून होतं. "आपण पाहुणे. घर त्यांचं," म्हणायचात.

ह्या सगळ्याबद्दल आभार मानायचे म्हटले तर यादी लांबेल, आणि तुम्ही मध्येच मोबाइल बंद करायला लावाल. मला मुख्य आभार मानायचेत ते भिंतीवर कधीही न लिहिलेल्या एका नियमाचे: मुलाला त्याची कहाणी विचारायची नाही.

तो कॉलेजचा मुलगा आठवतो? मनानं चांगला, पहिलाच रविवार. तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलीसमोर बसला आणि मोबाइल तिच्याकडे धरून, फोटो काढत, हिंदीत विचारायला लागला की तू सैनिक पाहिलेस का, घर जळताना पाहिलंस का, कसं वाटलं. मुलगी सरावल्यासारखी सांगायला लागली. शाळेत कविता म्हणतात तसं, नजर समोरच्या भिंतीवर, आवाजात चढ नाही की उतार नाही. तुम्ही पातेल्यातले पोहे ढवळत होतात. झारा तसाच ठेवून आलात, त्याच्या मांडीवर केळ्यांचा फणा ठेवलात आणि म्हणालात, "ह्यातली काळी पडलेली वेगळी काढ." मग तिच्याशेजारी बसून तिच्या वहीतला ळ बघितलात. फोटो त्याच्याकडून तिथल्या तिथे पुसून घेतलात, तेही अगदी गोडीनं. मुलं गेल्यावर त्याला जे सांगितलंत ते आम्ही सगळ्यांनीच ऐकलं. "अरे, ही पोरगी हेच वसंत विहारच्या निर्वासित कार्यालयात सांगून आलीय. आईबापांच्या सांगण्यात आणि तिच्या सांगण्यात फरक पडला तर काय होईल, ह्या भीतीनं घरी पाठ करून. मग संस्थेवाल्यांना सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं. इथं तरी तिला ळ काढू दे."

त्यानंतर मी लक्ष ठेवून बघायला लागले. ह्या मुलांकडे येणारा प्रत्येक भला माणूस आधी त्यांचं दुःख मागतो. खाऊ देतो, दप्तर देतो, पण त्याआधी गोष्ट हवी. देणगीसाठी फोटो हवा, तोही रडवेला असला तर उत्तम. तुमच्या वर्गात मुलगा आला की त्याला काय येतं ते विचारलं जायचं. कुणाला गिटार, कुणाला फुटबॉल, एकाला तर नुसतं शिट्टीवर अख्खं भजन वाजवता यायचं. मग महिन्या-दोन महिन्यांनी, कॅरम खेळताखेळता, सोंगटीवर नेम धरलेला असताना एखादा आपणहून बोलायचा. तेव्हा तुम्ही खेळ थांबवायचा नाहीत. ऐकायचात, मान हलवायचात, आणि आपली खेळी खेळायचात. गरज वाटली तर दुसऱ्या दिवशी समुपदेशकाकडे पाठवायचात. कुणाला कधी, कशासाठी पाठवलंत, हे आम्हाला कधीच कळलं नाही. कळू नये अशीच तुमची व्यवस्था होती.

आता माझ्या दिरांच्या प्रश्नाकडे येते, कारण तो अनेकांच्या मनात असतो. "वहिनी, हे मिशनरी लोक तिथं बाटवाबाटवी करत असणार, तुम्ही माळकरी घरच्या, तुम्ही कशाला जाता?" मी तो तुम्हाला जसाच्या तसा ऐकवला होता आणि तुम्ही पोट धरून हसला होतात. "अगं, आमच्या नगरला अमेरिकन मिशन आलं १८३१ मध्ये. ह्यांच्या हाखाला, म्हणजे चिन राज्याच्या राजधानीत, कार्सन हे मिशनरी नवराबायको पोचले १८९९ मध्ये. पोरांचे पणजोबा बाप्तिस्मा घेऊन बसलेत, मी कुणाला बाटवू?" दिरांना तारखांसकट उत्तर कळवलं. ते गप्प बसले. पटलं की कंटाळले, कोण जाणे.

पण हसण्यावारी नेऊन तुम्ही तो विषय सोडला नव्हता, हे मला नंतर उमगलं. अभ्यास आधी, खाऊ मग, प्रार्थना सगळ्यात शेवटी, हा क्रम तुम्ही कधीच बदलू दिला नाहीत. टिळक नगरकडून काबूलच्या एका शीख कुटुंबातली दोन भावंडं इंग्रजीसाठी यायला लागली होती. खाऊ संपला की ती दप्तर उचलून निघायची आणि तुम्ही दारापर्यंत सोडायला जायचात. त्यांना थांबा म्हटलं नाहीत आणि त्यांच्यासाठी प्रार्थनाही बंद केली नाहीत. चर्चमधल्या एका काकांनी सुचवलं होतं की प्रार्थना खाऊच्या आधी ठेवू, म्हणजे सगळी थांबतील. तुम्ही नुसतं त्यांच्याकडे बघितलंत. मी इतक्या संस्था पाहिल्या, सरकारी, खाजगी, सगळ्या धर्मांच्या. हातात खाऊचं पातेलं असलेल्या माणसाला त्याचा मोह होतोच. तुम्हाला तो होत नव्हता, की होत असून आवरत होता, हे कधी विचारलं नाही.

दवाखान्याचं तर लिहायलाच हवं. ही मुलं सहा महिन्यांत हिंदी बोलायला लागतात, आईबापांना ती वर्षानुवर्षं जमत नाही. मग घरातली मोठी मुलगी होते दुभाषी. घरमालकाशी भांडायला तीच, शाळेत तीच, आणि सरकारी इस्पितळात आईला काय होतंय ते डॉक्टरांना सांगायलाही तीच. आईच्या पाळीचं, गर्भपाताचं, अंगावरच्या मारहाणीच्या वळांचं बारा वर्षांच्या मुलीनं भाषांतर करायचं. आयुष्यभर परिचारिका म्हणून राबलेल्या तुमच्या लक्षात हे आलं, आमच्या कुणाच्या आलं नव्हतं. चिन बायकांपैकीच हिंदी येणाऱ्या दोघी-तिघींना तुम्ही तयार केलंत, पाळ्या लावून दिल्यात, रिक्षाचे पैसे दिलेत. "लेकरानं आईचा आजार ऐकायचा नाही," असं त्यांना पुन्हा पुन्हा बजावलंत. त्या बायका अजूनही जातात, मावशी. परवाच एकीला गाठून मी विचारलं.

मला तुम्ही काम दिलंत ते बाराखडीचं. हाखाची बोली लिहितात रोमन लिपीत, तेव्हा मोठ्या मुलांना ए-बी-सी-डी येते आणि देवनागरीपाशी गाडी अडते. सहा ते चौदा वयाच्या मुलाला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेत जागा आहे, त्यात नागरिकत्वाची अट नाही, वयाप्रमाणे वर्गात बसवून मागं पडलेलं शिकवायचीही तरतूद आहे. कागदावर सगळं चोख. पण पंधराव्या वर्षी दिल्लीत उतरलेल्या मुलाला ह्यातलं काहीच लागू पडत नाही. तो सरळ कारखान्यात जातो, चपलांना सोल चिकटवायला. शनिवारी संध्याकाळचा मोठ्यांचा गट तुम्ही काढलात तो अशांसाठी. डोक्यात सोल्यूशनचा वास घेऊन यायची ती पोरं. मुक्त विद्यालयाच्या दहावीचे फॉर्म तुम्ही भरून घेतलेत, फी कुठून आणलीत ते सांगितलं नाहीत. एकानं चित्रकला घेतली, एकीनं गृहविज्ञान. गणिताला सगळ्यांचीच बोंब होती, आणि ती अजूनही आहे.

आणि जानेवारी २०२५ चा तो आठवडा. नवे राष्ट्राध्यक्ष आले, २० तारखेला हुकूम निघाला आणि अमेरिकेनं निर्वासितांना घेणं थांबवलं. इंडियानापोलिसमध्ये चिन लोकांची मोठी वस्ती आहे. आपल्या गटातल्या निम्म्या पोरांचं कुणी ना कुणी तिथं, मावशी, मामा, मोठा भाऊ. तिकडे जायची दोन घरांची प्रकरणं बरीच पुढं सरकली होती. त्या शनिवारी मुलं आली आणि कुणी बोलेना. मला वाटलं होतं तुम्ही बायबलमधलं काही वाचाल, धीर द्याल. तुम्ही कणीक मळायला घेतलीत. सगळ्यांना लाटायला बसवलंत, आणि त्यांच्यातल्या एकीच्या आईनं आणलेल्या साबुतीबरोबर, म्हणजे भरडलेला मका आणि मांस घालून तासन्‌तास उकळलेल्या त्या दाट रश्शाबरोबर, आम्ही वेड्यावाकड्या पोळ्या खाल्ल्या. "होईल सगळं नीट" असं तुम्ही त्या दिवशी एकदाही म्हणाला नाहीत. निघताना एका मुलानं विचारलं, "पी, आता काय?" आजीला मारावी तशी हाक मारायची ती तुम्हाला. तुम्ही म्हणालात, "आता मंगळवारी गणित."

तुमच्याबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली, तीसुद्धा मटार सोलताना. तुमची पणजी १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून केडगावला आली होती, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात. लहानगी होती. गाव कुठलं, आईबाप कोण, काही ठाऊक नाही. मराठी तिथंच शिकली, लग्न होऊन नगरला आली, आणि म्हातारपणीदेखील मुलांनी खोदून विचारलं की उठून पाणी भरायला जायची. तुम्ही हे सांगितलंत आणि लगेच "ह्या शेंगेत अळी आहे गं" म्हणून विषय बदललात. मीही मग पुढं काही विचारलं नाही.

आता इकडची खबर. वर्ग तुम्ही ज्याच्या हाती सोपवलात तो मुलगा, एकेकाळी ह्याच खोलीत अ-आ-इ गिरवलेला, बरा कडक निघालाय. उशिरा आलेल्याला आत घेतो, पण कॅरमला बसू देत नाही. नव्या स्वयंसेवकांकडून पोलिस पडताळणीचा कागद घेतल्याशिवाय त्यांना मुलांजवळ फिरकू देत नाही, फोटोबंदी तर तुमच्यापेक्षा जास्त. पोह्यांच्या जागी तो शेवयांसारखं काहीतरी करायला लागलाय, तिखटजाळ. मुलांना आवडतंय, मला घाम फुटतो. २० फेब्रुवारीला चिन राष्ट्रीय दिनाला आपल्या मुली नाचल्या, आणि तुमची खुर्ची पुढच्या रांगेत उगीचच कुणीतरी मांडून ठेवली होती. मग तिच्यावर दोन लहान पोरं बसली.

कपाटाची दुसरी किल्ली सापडत नाहीये. तुमच्या पिशवीत गेली असेल तर कुरियरनं पाठवा, दहावीच्या फॉर्मांच्या झेरॉक्स त्यात अडकल्यात. गुडघ्याचं दुखणं कसं आहे ते कळवा. एप्रिलमध्ये पुण्याला येतेय, तेव्हा मध्ये एक दिवस नगरला उतरेन. मटार नसतील, पण निवडायला काहीतरी काढून ठेवा.

तुमची,
रविवारची बाराखडीवाली