आठवडा मजेत गेला, तो तुमच्यामुळे!

हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावात गिऱ्हाइकांची झुंबड असतानाही ताजी सुरमई कशी ओळखायची ते मला शिकवणाऱ्या मावशी, तुमचे मनापासून आभार. कल्ले उघडून दाखवलेत: लालभडक हवेत, डोळा फुगीर हवा, बोटाने दाबलं तर खळगा राहता कामा नये. एवढ्या गडबडीत कोण सांगतं हो!

सुवर्णदुर्गाला होडीतून उतरताना हात देणारे दादा, दरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव तुम्हीच दाखवलंत. वहीत पहिलं चित्र त्याचंच आहे.

आणि आंजर्ल्याला, कड्यावरच्या गणपतीजवळ रंगवत बसलो असताना न मागता कोकम सरबत आणून देणाऱ्या वहिनी, पैसे घेतले नाहीत ना? मग ते चित्र तुमचंच. रंग वाळले की आणून देतो.