डाव्या हातातला पेला

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी तुला म्हणालो, "जाऊ दे गं, नको जाऊस त्या जिमला. घराजवळच चालत जा थोडं." फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ते बोलणं मी मागे घेतो. तोंडानं सांगायला गेलो तर पुन्हा काळजीचंच काहीतरी बोलून बसेन, म्हणून लिहितोय.

त्या ट्रेनर पोरानं तुझा डावा हात बघितला, पाय बघितला आणि तुला कोपऱ्यातल्या सायकलवर बसवलं. "मॅडम, तुम्ही एवढंच करा, बाकीचं तुमच्यासाठी नाही." पंधरा दिवस तेवढंच. ऐकून आधी मला त्याचा राग आला. मग आठवलं की हेच मी सात वर्षं केलंय.

पहिलीपासून सातवीपर्यंत दर जूनला मी शाळेत अर्ज द्यायचो. "माझ्या पाल्यास जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे स्नायूंवर पुरेसा ताबा नसणे) असून डाव्या बाजूस कमजोरी आहे, तरी पी.टी.च्या तासास सूट मिळावी." सूट लगेच मिळायची. वर्ग मैदानावर, आणि तू खिडकीशी बसून सगळ्यांचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या राखायचीस. तू पडू नयेस, कुणी हसू नये, एवढंच माझ्या मनात असायचं. पुढे 2016 मध्ये दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आला. शाळेनं अशा मुलांना इतरांच्या बरोबरीनं खेळाची संधी द्यायची, असं त्यात लिहिलंय. तू तेव्हा दहावीला होतीस. ते वाचलं त्या दिवशी मला माझे सातही अर्ज आठवले.

आबांना हे माझं कधीच पटलं नव्हतं. तालमीत अख्खी जवानी घालवलेला माणूस. सातवीच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी तुला अंगणात बोलावलं आणि मला म्हणाले, "पोरगीची जोड चुकीची लावलायसा तुम्ही." तालमीत नवं पोर आलं की वस्ताद त्याला लगेच मोठ्या पैलवानापुढं उभं करत नाहीत. त्याच्या वजनाचा, त्याच्या दमाचा गडी बघून जोड लावतात. दहा जोर जमत असतील तर दहाच, आणि ते नीट. फिरवायचा लाकडी मुद्गलसुद्धा ज्याला जसा पेलेल तसा. म्हणून आबांचं म्हणणं होतं की तुला व्यायाम झेपत नाही असं नाही, तुझ्या जोडीचा व्यायाम कुणी शोधलाच नाही.

मी आडतीवरनं अर्ध्या किलोचा गूळ आणला होता. आबांनी तो कापडी पिशवीत घातला. तुझी बोटं पिशवीच्या बंदावर मिटत नव्हती, म्हणून जुन्या पंच्याची पट्टी फाडून त्यांनी तुझा हात बंदाला बांधला. कोपरातून वर, खाली, पाच वेळा. मग खुर्चीवरून उठायचं आणि परत बसायचं, हाताचा आधार न घेता. मग भिंतीला तळवे टेकून जोर. डावा तळवा पूर्ण उघडायचा नाही, तर आबा त्याच्यावर आपला हात ठेवून उभे राहायचे. सगळं आधी डाव्या बाजूनं. डाव्यानं आठ केले की उजव्यानंही आठच, जास्त नाही. नाहीतर उजवी बाजू डावीचं काम आपल्या अंगावर घेते.

मी घाबरून फिजिओ मॅडमकडं गेलो. ताठर स्नायूला वजन दिलं की तो जास्तच ताठरतो, असं मी ऐकलेलं. मॅडम म्हणाल्या, पूर्वी तसं समजत होते खरं, पण नंतरच्या अभ्यासात ते टिकलं नाही. वजन हळूहळू वाढवलं तर ताकद येते आणि ताठरपणा वाढत नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. सुरुवातीच्या आठवड्यांत जी ताकद वाढते ती दंड जाड झाल्यामुळे नसते, मेंदू आणि नसा त्या स्नायूंना जास्त चांगलं कामाला लावायला शिकतात म्हणून असते. घरी येताना मी अर्ध्याऐवजी एक किलोचा गूळ घेतला. आबा रागावले. "अर्ध्याचा पाऊण कर आधी."

फेब्रुवारीत पट्टी सुटली. त्या संध्याकाळी आबा तुला आपल्या कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध कट्ट्यावर घेऊन गेले. मी मागून चालत होतो. म्हशीची धार काढून फेसाळ दुधानं भरलेला पेला गवळ्यानं पुढं केला. तुझा उजवा हात सवयीनं पुढं आला, आणि आबांनी तो नुसता धरून ठेवला. तू डाव्या हातानं पेला घेतलास. मनगट थरथरत होतं, फेस काठावरून बोटांवर, बोटांवरून फ्रॉकवर. तू म्हणालीस, "आबा, सांडलं." आबा म्हणाले, "सांडू दे. म्हशीपाशी अजून आहे." अर्धा पेला सांडला असेल, अर्धा तू प्यालीस. पेला खाली ठेवताना तू वळून माझ्याकडं बघितलंस. ते बघणं मी विसरलेलो नाही.

तुझं कौतुक करण्यात आम्ही कधी कमी केलं नव्हतं गं. आई तर दिवसातून दहा वेळा म्हणायची, तू खूप हुशार आहेस. पण वर्गात तुझी मान खालीच असायची. मान वर झाली ती त्या पेल्यानंतर. जूनमध्ये मी आठवीचा अर्ज लिहायला बसलो, तर तू माझ्या हातातला कागद काढून घेतलास. म्हणालीस, "मला पी.टी.ला जायचंय." रविवारी माझ्याशी बोलत होती ती हीच मुलगी, हे मी विसरलो होतो.

तेव्हा आता जिम सोडू नकोस. त्या पोराशी एकदा नीट बोल. त्याला बहुतेक कुणी शिकवलंच नसेल. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये व्यायामाच्या सूचना काढल्या, त्यांत दिव्यांग माणसांचा वेगळा विचार केलाय. प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा, हे त्यांनाही सांगितलंय. नुसती सायकल म्हणजे निम्माच व्यायाम. त्याला सांग, केबल ओढायच्या मशीनला मनगटाचा पट्टा लावून दे, मग मूठ मिटली नाही तरी चालेल. पायाचं मशीन एकेका पायानं करू दे. उभं राहून तोल जात असेल तर तेच बाकावर बसून. आणि वजनाचा आकडा डाव्या बाजूवरून ठरव. सांध्यात कळ आली तर तिथंच थांबायचं. नुसती दमणूक असेल तर एक मिनिट बसायचं आणि परत सुरू. तू इतरांपेक्षा लवकर दमतेस कारण तुला नुसतं चालायलाच जास्त ताकद लागते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एवढं सांगूनही तो ऐकत नसेल तर दुसरी जिम बघू. फी मी देतो.

आरशात सगळे आपल्याकडं बघतात, असं तू म्हणालीस. बघत असतील. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर फौजेत बॉक्सर होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, तेव्हा बॉक्सिंग सुटलं आणि ते पोहायला लागले. 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. पहिल्यांदा ते तलावात उतरले असतील तेव्हा काठावरच्यांनी बघितलंच असणार. आपल्या गावात नसीमादीदी हुरजूक यांनी व्हीलचेअरवर बसून 1984 पासून दिव्यांगांसाठी केवढं काम उभं केलं. तुझ्याकडून मला पदक नको. मला फक्त ती सायकल सोडून तू जिमच्या मधोमध आलेली बघायचीय.

पार्सल आज टाकलंय. त्यात एक किलो गूळ आहे, नव्या हंगामाचा. आबांची ती कापडी पिशवी पण ठेवलीय. पंच्याची पट्टी अजून तिच्या बंदाला गुंडाळलेली आहे, मी सोडली नाही. लागली तर वापर, नाही लागली तर राहू दे तशीच.

आई विचारतेय, चटणी संपली का, की अजून आहे? यात्रेला येशील तेव्हा एक संध्याकाळ दूध कट्ट्यासाठी ठेव.

तुझे,
बाबा