रंगाचा डबा दसऱ्यानंतर

परभणी,
५ ऑगस्ट

प्रिय बाळ्या,

इलेक्ट्रिक गिटार घरी जोडायचं किट हातात पडलं, हे वाचून बरं वाटलं. पण गणपतीपर्यंत लालभडक रंग मारून, चकाकी आणून मंडळात उभं राहायचं जे तू ठरवायलास, ते काही खरं नाही. गणपतीत गिटार वाजव, खुशाल वाजव. लाकूड मात्र कोरं राहू दे. रंगाचा डबा दसऱ्याआधी उघडायचा नाही. तू तोंड वाकडं करणार हे ठाऊक आहे, म्हणून सगळं बैजवार लिहितो.

तुझं किट टेलिकास्टरच्या ठेवणीचं आहे, हे नशीब. लिओ फेंडरने हा नमुना १९५० साली कॅलिफोर्नियातून बाजारात आणला, तेव्हा नेक, म्हणजे गिटारीची मान, बॉडीला सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी आवळली. आतलं वायरिंगही थोडकं: दोन पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारे), दोन पॉट (आवाज आणि टोनच्या बटणांखालचे), तीन जागांचा एक स्विच, एक कपॅसिटर. त्यामुळे अख्खी गिटार कोरी जोडायची, वाजवून तिच्या खोडी काढायच्या, परत सोडायची आणि मग रंगवायची, हे हिच्यात जमतं. जमतं म्हणून तसंच कर. रंगवल्यावर ब्रिज, म्हणजे बॉडीवरचा तारांचा आधार, दोन मिलिमीटर तिरका सापडला, तर नवं भोक पाडताना टवके उडतात आणि जुनं भोक जन्मभर दिसत राहतं.

पहिल्यांदा नेक खाचेत बसवून बघ. हाताच्या जोराने बसली पाहिजे, हातोडीने नाही. अगदी घट्ट बसत असेल तर आत्ताच खाचेच्या बाजू पॉलिश पेपरने जरा मोकळ्या कर. खाचेत रंग जाऊ द्यायचा नसतोच, पण काठावर थोडा चढतोच, आणि मग नेक दाबून बसवताना खाचेच्या कोपऱ्यातून रंगाला तडा जातो. चार स्क्रू बॉडीतून आरपार सैल घसरले पाहिजेत. आटे फक्त नेकमध्ये धरायचे. बॉडीतही आटे धरले तर स्क्रू कितीही आवळ, नेक आणि बॉडीमध्ये केसाएवढी फट राहते. तेव्हा बॉडीतलं भोक साडेचार मिलिमीटरचं आणि नेकमधलं तीनचं ठेव. बिटला चिकटपट्टी गुंडाळून खोली ठरव, नाहीतर ड्रिल थेट फ्रेटबोर्डातून, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीतून, वर येईल.

स्क्रू फिरवण्याआधी आटे मेणबत्तीवर घास. हे हसण्यावारी नेऊ नकोस. खुंट्यांचे बारके स्क्रू मऊ पोलादाचे असतात, नेकचं मेपल लाकूड कठीण. कोरडा स्क्रू अर्ध्यात गेला की डोकं तुटून हातात येतं आणि धड लाकडात राहतं. दीड मिलिमीटरचं भोक, मेण, आणि पाव फेरा पुढे गेला की थोडा मागे, असं कर.

आता दोऱ्याची परीक्षा. नटाच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, दोन टोकांच्या खाचांतून शिवणकामाचे दोन दोरे ब्रिजच्या दोन टोकांच्या सॅडलवर (ब्रिजवर तार टेकते तो सरकता तुकडा) ताणून धर. शेवटच्या फ्रेटजवळ (फ्रेट म्हणजे नेकवरचे धातूचे आडवे पडदे) दोन्ही दोऱ्यांपासून फ्रेटबोर्डाची कड सारख्या अंतरावर आली पाहिजे. एका बाजूला दोरा कडेवर चढत असेल, तर तिथली तार वाजवताना बोटाखालून निसटणार. मग स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी, मोज. नटापासून बाराव्या फ्रेटपर्यंत ३२४ मिलिमीटर, म्हणजे नटापासून सॅडलपर्यंत ६४८. पट्टी थेट ६४८ वर धरू नकोस, आधी ३२४ तपास. तेच चुकलेलं असेल तर पुढची सगळी मोजणी वाया. सर्वांत बारीक तारेचं सॅडल ६४८ वर आल्यावर त्याच्या मागे स्क्रूला वाव उरला पाहिजे, कारण जाड ई तारेचं सॅडल तिथून आणखी तीन ते पाच मिलिमीटर मागे जातं. तार फ्रेटवर दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो. जाड तारेचा जास्त चढतो, म्हणून तिला लांबी जास्त द्यायची. सतारीसारखे पडदे सरकवायची सोय इथे नाही, सगळा हिशेब सॅडलवरच.

ब्रिजची भोकं चुकलेली निघाली तर लाकडी काडी फेव्हिकॉल लावून ठोक, चोवीस तास थांब, कापून सपाट कर आणि नवं भोक पाड. आत्ता हे काम अर्ध्या तासाचं आहे.

हेडस्टॉक, म्हणजे खुंट्या बसतात ते नेकचं टोक, फळीसारखा चौकोनी आला असेल. आकार पेन्सिलने काढ, बारीक पात्याच्या करवतीने काप, कड कानसेने ओढ. खुंट्यांच्या भोकांपासून एक सेंटिमीटर तरी लाकूड राहू दे.

नेक मात्र पावसात कोरी ठेवायची नाही. कोरं मेपल ओल पितं आणि वाकतं. तिला जवसाचं तेल लाव. पण चटणीच्या जवसाचं, घाण्यावरचं नको, ते कित्येक दिवस चिकट राहतं. लातूरच्या गंजगोलाईत रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड लिनसीड’ माग. सुती चिंधीने पातळ हात दे, पंधरा मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढ, दोन दिवस थांब, दुसरा हात. असे तीन पुरेत. त्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. हे तेल वाळताना तापतं, आणि बोळ्यातली ऊब बाहेर पडत नाही म्हणून चिंधी आपोआप पेट घेते. दोरीवर पसरून वाळव किंवा पाण्यात बुडवून ठेव.

वायरिंगला चाळीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न घे, पंचवीसचं पॉटच्या पाठीवर दमतं. पॉटची पाठ आधी कानसेने खरवड, मग टाका दे. टाका चकचकीत आणि बशीसारखा पसरला तर धरला. मण्यासारखा गोल, मळकट राहिला तर ते ड्राय सोल्डर, आज वाजेल आणि विसर्जनाच्या दिवशी दगा देईल. पॉट २५० के, म्हणजे किलोओहमचे, व्हॉल्यूमला लॉग म्हणजे ‘ए’ अक्षराचा. ‘बी’ असेल तर आवाजाच्या चढ-उताराची सगळी गंमत बटणाच्या एका टोकाला गोळा होते. ब्रिजखालून ग्राउंडची एक उघडी तार पॉटच्या पाठीपर्यंत यायला हवी. किट जोडताना सर्रास विसरते ती हीच.

प्लेट बंद करण्याआधी जॅकमध्ये केबल घाल आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लाव. व्हॉल्यूम पूर्ण उघडा. स्विच एका टोकाला ठेवला की साधारण सहा-सात किलोओहम, दुसऱ्या टोकाला तेवढेच, आणि मधल्या जागेवर त्याच्या निम्मे दिसले पाहिजेत, कारण तिथे दोन्ही पिकअप समांतर जोडलेले असतात. व्हॉल्यूम बंद केल्यावर शून्य. एवढं जुळलं की वायरिंग बरोबर आहे. आकडे जुळूनही मधल्या जागेवर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा पोकळ आला, तर एका पिकअपच्या तारा उलट आहेत. ब्रिजच्या पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल कर. नेकच्या पिकअपला हात लावू नकोस, त्याचं धातूचं झाकण ग्राउंडच्या तारेला जोडलेलं असतं.

गुणगुण थोडी राहणारच, सिंगल कॉइल पिकअपचा तो स्वभाव आहे. तारांना हात लावल्यावर ती कमी झाली तर ग्राउंड ठीक आहे. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजची तार तुटली आहे. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर दोन्ही पिकअपमध्ये करकरतात, तेव्हा लाइट गेलेली असताना वायरिंग तपासत बसू नकोस. आणि अर्थिंगची पिन मोडलेल्या प्लगवर ॲम्प्लिफायर कधीही लावू नकोस. मंडळाच्या मांडवात तर नाहीच नाही. एक हात तारांवर आणि ओठ माइकला, आणि दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर करंट तुझ्यातून जातो.

तारा ९-४२ च्या, म्हणजे बारीक जाडीच्या, चढव. सेटिंगचा क्रम मोडू नकोस: आधी नेकचा बाक, मग तारांची उंची, मग सॅडल. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून धरली की सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात पाव मिलिमीटर फट दिसायला हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली बाक सांभाळणारी सळई, घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, आणि काही तास थांब. बाराव्या फ्रेटवर जाड तार दोन मिलिमीटर, बारीक दीड. सॅडल तळाला टेकूनही तारा उंचच राहिल्या तर नेकच्या खाचेत, ब्रिजकडच्या कडेला, लग्नपत्रिकेच्या कागदाची एक पट्टी ठेव. नेक मागे झुकते आणि तारा खाली येतात. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसत्या स्पर्शाने निघणारा सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघ. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे.

एवढं झालं की वाजव. प्रसादाच्या तुपकट हाताने तेवढं धरू नकोस. बॉडीच्या कोऱ्या बासवुड लाकडात तूप मुरलं की वर रंग धरत नाही.

आता रंग पावसात का नको ते. फर्निचरचा पॉलिशवाला ज्याला एनसी (नायट्रोसेल्युलोज) म्हणतो ते लॅकर, त्यातला थिनर उडून वाळतं. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो, आणि हवा दमट असली की त्यावर डोळ्याला न दिसणारं दव धरतं. ते पाणी थरात अडकतं आणि लाल रंगावर दुधाची साय पसरल्यासारखी दिसते. सावकाश उडणाऱ्या रिटार्डर थिनरने साय काही वेळा जाते. पण खाली ओलं लाकूड तसंच असतं. ऑगस्टमध्ये फुगलेलं लाकूड आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत आकसतं, आणि जोडांवरच्या रंगाला रेघा पडतात.

दसऱ्यानंतर हवा कोरडी होते, पण तेव्हा तुमच्याकडे सोयाबीनची रास चाललेली असते. मळणीयंत्राचा धुरळा दोन शेतं ओलांडून येतो. रास संपू दे. मग अकरा ते तीनच्या दरम्यान फवार. सांजच्याला दिवा लावून फवारलंस तर शंभर चिलटं रंगात कायमची मुक्कामाला येतील.

बासवुडाला स्वतःच्या रेषा जवळजवळ नसतात, आणि पारदर्शक रंग त्यात ठिगळांसारखा बसतो, म्हणून गडद लाल हा तुझा निवाडा मला पटला. १८०, २४०, ३२० असा पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून रेषेच्या दिशेने घास. खड्डे असतील तर ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकव, दबलेलं लाकूड फुगून वर येतं. मग सगळी बॉडी ओल्या फडक्याने पूस, वाळू दे, उभे राहिलेले तंतू ३२० ने काढ. धारदार कडा थोड्या गोल कर. कडेवर रंग सर्वांत कमी टिकतो आणि घासताना सर्वांत आधी तिथलंच लाकूड उघडं पडतं.

नेकच्या खाचेत दीड फुटाची पट्टी स्क्रूने बसव, तीच मूठ आणि तीच टांगायला. खाचेच्या बाजूंना मास्किंग टेप. अर्धा लिटर सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रं बुजवायला), अर्धा लिटर एनसी क्लिअर आणि दीड लिटर थिनर यांत काम होऊन उरेल. सीलरचे तीन हात, घासून सपाट. लाल रंगाचे तीन-चार पातळ हात. त्यावर क्लिअरचे सहा ते आठ, दिवसाला तीनच. रंग एनसीचाच घे. गेट रंगवून उरलेला ऑइल पेंट मारून वर एनसी मारलंस तर थिनर खालचा थर उचलतो आणि रंग म्हाताऱ्याच्या गालासारखा सुरकुततो. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, दोन-तीन हातांत भरतो हे खरं, पण त्याचे थर एकमेकांत विरघळत नाहीत; घासताना वरचा थर फुटला की कडेची रेघ नकाशासारखी दिसते. शिवाय त्याच्या हार्डनरची वाफ छातीला वाईट, साध्या रुमालाने ती अडत नाही. पहिल्या गिटारीला एनसीच.

मग चार आठवडे टांगून ठेव आणि हात लावू नकोस. नाक लावून थिनरचा वास येतो तोवर रंग आतून ओला आहे. वास गेला की १०००, १५००, २००० चा वॉटर पेपर, मग चकाकीचं कंपाउंड. पाणी तांब्याभर पुरतं, लातूरकराला पाणी जपून वापर म्हणून मी काय सांगू. फक्त ते स्क्रूच्या भोकांत जाऊ देऊ नकोस, लाकूड फुगून भोकाभोवती रंग तडकतो. आधी प्रत्येक भोकात मेण कोंब.

नेक बसवून दोऱ्याची परीक्षा झाली की फ्रेटबोर्डाच्या दोन्ही कडांची मापं आणि मल्टिमीटरचे तिन्ही आकडे मला कळव. त्याआधी सोल्डर गार करून परत परत टाके देत बसू नकोस, पॉट आतून जळतात.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दिगू

ता. क. फ्रेटची टोकं आत्ता बोटाला गुळगुळीत लागतील, त्यावर जाऊ नकोस. एप्रिलात फ्रेटबोर्ड आडवा आकसतो, धातू आकसत नाही, आणि टोकं करवतीच्या दातांसारखी बाहेर येतात. बारीक कानस तेव्हा चालव, आणि रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून बॉडीवर जुनी पायजमी टाकून ठेव.