गांजाचं गाव म्हणण्याआधी त्यांचा संडास बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत ऑस्ट्रेलियातल्या निंबिन या हिप्पी गावावर छोटा लेख आला होता, तो वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसलो. लेख वाईट नव्हता पण एवढ्याशा लेखात गांजा सात वेळा आला, मी मोजलं. शिवाय गाव क्वीन्सलंडमध्ये आहे असं छापलंय, ते न्यू साउथ वेल्समध्ये आहे, लिस्मोर शहराच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर. आम्ही दोघं मुलाकडं ब्रिस्बेनला गेलो होतो तेव्हा मोटरहोम भाड्यानं घेऊन तिथं दोन रात्री राहून आलो, त्यामुळं चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

आधी सांगतो की माझी अख्खी नोकरी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा आणि ड्रेनेजमध्ये गेली. कुठंही फिरायला गेलं की माझी नजर पहिल्यांदा टाकीवर जाते, मग गटारावर, देऊळ नंतर. घरचे वैतागतात पण आता या वयात कोण बदलणार.

मोटरहोम म्हणजे आपल्या टेम्पो ट्रॅव्हलरपेक्षा थोडी उंच गाडी, आत बेड, गॅस, फ्रिज, बेसिन आणि कपाटाएवढा संडास-बाथरूम. खालच्या बाजूला चांगल्या पाण्याची टाकी, भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची वेगळी टाकी, आणि संडासाची तर एक सुटी पेटीच असते, कॅसेट म्हणतात तिला, वीसेक लिटरची. ती भरली की तांबडा दिवा लागतो. मग बाहेरून छोटं दार उघडून ती पेटी ओढून काढायची, सुटकेससारखी चाकांवर ओढत डंप पॉइंटपर्यंत, म्हणजे मैला ओतायच्या जागेपर्यंत न्यायची आणि स्वतःच्या हातानं रिकामी करून धुवायची. आम्ही चौघं होतो, दीड दिवसात दिवा लागला. सूनबाई म्हणाली बाबा तुमचं खातं आहे तुम्ही बघा, आणि सगळे खिदळत बाहेर खुर्च्या टाकून बसले.

ब्रिस्बेनहून अंतर फार नाही, पावणेदोनशे किलोमीटरच्या आतच. मार्च महिना होता, राज्याची हद्द ओलांडली की घड्याळ एक तास पुढं, कारण उन्हाळ्यात न्यू साउथ वेल्सवाले घड्याळ पुढं करतात आणि क्वीन्सलंडवाले करत नाहीत, त्यामुळं जेवायची वेळ झाली की नाही यावर हिचं आणि मुलाचं सीमेवरच भांडण. मुर्विलंबा सोडलं की उजवीकडं वोलम्बिन डोंगर दिसायला लागतो, हा सगळा मुलूख एका जुन्या प्रचंड ज्वालामुखीनं घडवलेला. मग यूकी, मग घाटाघाटानं निंबिन. रस्त्याला खड्डे असे की आपल्याकडंच आल्यासारखं वाटलं, आत कपाटातली भांडी वाजतायत आणि ही मागून ओरडतीय हळू घे म्हणून.

गावाच्या अलीकडं-पलीकडं काय आहे ते आधी सांगतो कारण लेखात ते नव्हतंच. गावाबाहेर निंबिन रॉक्स म्हणून दगडी सुळके आहेत, आपल्या जीवधनच्या वानरलिंगीची आठवण यावी असे, दोन कोटी वर्षांहून जुने. तिथल्या मूळच्या बुंजलुंग लोकांची ती पवित्र जागा, वर चढायचं नाही, रस्त्यावरून बघायचं आणि पुढं जायचं. आपल्याकडं देवराईत कोयता लावत नाहीत तसं. गोरे लोक आले त्यांनी इथलं जंगल तोडलं, आधी तांबड्या सीडर लाकडासाठी, मग गाईंच्या कुरणांसाठी. बिग स्क्रब नावाचं पंचाहत्तर हजार हेक्टरचं जंगल होतं, त्यातलं एक टक्कासुद्धा उरलं नाही. मग दूधधंदाही बसला आणि १९७० च्या सुमारास गाव जवळपास ओस, दुकानांना कुलपं.

तिथं १९७३ च्या मे महिन्यात विद्यार्थी संघटनेनं दहा दिवसांचा अक्वेरियस फेस्टिव्हल भरवला. हजारोंनी पोरं आली, आणि एक गोष्ट मला फार आवडली, त्यांनी आधी त्या मूळच्या लोकांकडं जाऊन त्यांच्या जमिनीवर कार्यक्रम करायची परवानगी मागितली. त्या देशात असं तोवर कुठल्याच कार्यक्रमानं केलं नव्हतं म्हणतात. फेस्टिव्हल संपला, बरीच पोरं घरी गेली, काही राहिलीच. त्यांनी पैसे गोळा करून टुंटेबल फॉल्सला जमीन घेतली आणि काय काढलं असेल तर सहकारी संस्था! आम्ही सांगली जिल्ह्यातले, सहकार म्हणलं की कान टवकारतात. शेअर घ्यायचा, जमीन संस्थेची, घर आपलं आपण बांधायचं, मीटिंगला यायचं. मी विचारलं मीटिंगमध्ये भांडणं होतात का, तर समोरचा माणूस इतका हसला की उत्तर मिळालं. सुरुवातीला हे सगळं बेकायदाच, एका शेतजमिनीवर इतकी घरं बांधायला परवानगी नव्हती. शेवटी १९८८ मध्ये राज्य सरकारनं नियम करून एका जमिनीवर अनेक कुटुंबांनी मिळून राहायला वाट करून दिली. म्हणजे या लोकांनी झोपड्या आधी बांधल्या आणि कायदा मागनं आला.

आता तो समोरचा माणूस कोण ते सांगतो. निंबिनला पोचलो, कॅम्पिंगच्या मैदानावर गाडी लावली आणि बघतो तर गाडीच्या खालच्या कप्प्यात ओल. वास आला तेव्हा कळलं, कॅसेटच्या टोपणाला आतला रबरी वायसरच नाही. गाडी भाड्यानं देणाऱ्या कंपनीनं आम्हाला तासभर व्हिडिओ दाखवले, पन्नास सह्या घेतल्या आणि दोन रुपयाचा वायसर बघितला नाही. (कंपनीचं नाव लिहीत नाही, डिपॉझिट अजून अडकलंय.) मी तिथं उकिडवा बसून टोपण उलटसुलट करतोय तर शेजारच्या जुन्या व्हॅनमध्ये मित्राला भेटायला आलेला एक म्हातारा आला, अनवाणी, पांढरी दाढी, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा असेल. एक शब्द न बोलता टोपण हातात घेतलं, बोटानं खाच चाचपली, आणि गाडीतून बिस्किटाचा एक गंजका डबा घेऊन आला. डब्यात काय नाही, खिळे, क्लिपा, जुने होल्डर, नळाचे स्पिंडल, सगळ्या मापाचे वायसर. थेट आमच्या स्टोअरमधल्या फिटरचा डबा. तिसरा वायसर बसला. मी पैसे काढले तर हात जोडले, अगदी आपल्यासारखे, कारण पठ्ठ्या १९७५ च्या आसपास हणजुण्याला चार महिने राहून गेलेला. मराठी येत नव्हतं पण "कितें" आणि "माका नाका" येत होतं, तेवढ्यावर ही खूश.

मी काय काम करायचो ते कळल्यावर म्हणाला मग उद्या माझा संडास बघायला या. असं आमंत्रण आयुष्यात पहिल्यांदाच आलं. मोठी गाडी न्यायची नव्हती, करारात कच्च्या रस्त्यावर जायला बंदी, म्हणून त्याच्याच खटाऱ्यातून गेलो. लाकडी घर, पत्र्याचं छप्पर, पन्हाळीतून पावसाचं पाणी टाकीत, छपरावर सोलर. वीज बारा व्होल्टची, अगदी आमच्या मोटरहोममधल्या दिव्यांसारखी. सोलरचं तर या भागाला कौतुकच, १९८७ ला निंबिनमध्येच लोकांनी रेनबो पॉवर कंपनी काढली, जेव्हा आपल्याकडं सोलर म्हणजे फार तर पंचायतीच्या दारातला सोलर कुकर.

आणि संडास. घरापासून वीस पावलांवर, तीन पायऱ्या चढून, खाली दोन कप्पे. एक वापरात, दुसरा बंद करून वर्षभर तसाच ठेवलेला. पाणी ओतायचं नाही, प्रत्येक वेळी डबाभर लाकडाचा भुस्सा टाकायचा. मागनं काळा रंग दिलेला पाइप वर छपराच्या वर गेलेला, ऊन लागून तो तापला की आतली हवा वर ओढली जाते. मी खालचं दार उघडायला लावलं, मूठभर खत हातात घेतलं, काळं, भुसभुशीत, पाऊस पडल्यावर शेताला येतो तेवढाच वास. ही लांब नाकाला रुमाल लावून उभी होती, तिनंही रुमाल काढला. ते खत फळझाडांच्या बुडात. आपल्याकडं याला सोनखत असा छान शब्द आहे, आणि कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास आणि सोनखताच्या कामात हयात घालवली, तेही माणसाच्या डोक्यावरचा मैला उतरावा म्हणून. त्यांच्या कामामागं जातीचा केवढा मोठा प्रश्न होता, निंबिनच्या पोरांना तो नव्हता, ही तुलना तेवढीच धरावी. पण तंत्र बघाल तर चुलतभाऊच.

गांजाचं बोलायचं राहिलं. आहे, नाही कोण म्हणतंय. कलन स्ट्रीट म्हणून एकच मोठा रस्ता, दोन्ही बाजूला रंगवलेली दुकानं, इंद्रधनुष्य, साप, डोळे, आणि दर मे महिन्यात १९९३ पासून कायदा बदला म्हणून त्यांचा मार्डीग्रास नावाचा मेळा भरतो. पण राज्यात मौजेसाठी गांजा आजही बेकायदा आहे, २०१६ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून मिळतो इतकंच, आणि पोलीस रस्त्यात गाडी थांबवून लाळेची टेस्ट करतात. मुलाला आधीच बजावलं होतं, कुणी बिस्किट दिलं तरी खायचं नाही. रस्त्यावर थोडी कळकट पोरं दिसली, दोघं दुपारीच झिंगलेले, ते बघून वाईटही वाटलं. ते गाव स्वर्ग आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण सकाळी अकराला बायरन बेकडून टूरची बस येते, पन्नास जण उतरतात, फोटो काढतात, कोण काय विकतंय का बघतात आणि दोन तासात परत. लेख त्या बसमधून लिहिल्यासारखा वाटला, राग येऊ देऊ नका.

नाहीतर तिथलंच टेरानिया क्रीक लेखातून सुटलं नसतं. १९७९ साली तिथलं उरलंसुरलं जंगल तोडायला बुलडोझर आले तेव्हा हीच जटावाली मंडळी बुलडोझरसमोर उभी राहिली, झाडांवर चढून बसली. लोकांनी शिव्या घातल्या, बेकार गांजेकस म्हणून. पुढं १९८२ ला राज्य सरकारनं वर्षावनं राखायचा निर्णय घेतला, १९८३ ला नाइटकॅप नॅशनल पार्क झालं आणि १९८६ ला जागतिक वारशात गेलं. तिथल्या एका धबधब्याचं नावच प्रोटेस्टर्स फॉल्स आहे. आम्हाला तिथं जायचं होतं, पण परत तोच कच्चा रस्ता आणि तोच करार.

परतीला लिस्मोरला थांबलो. २०२२ च्या २८ फेब्रुवारीला तिथं विल्सन्स नदीचं पाणी १४.४ मीटरला गेलं, म्हणजे सत्तेचाळीस फुटाच्या वर, आधीच्या विक्रमापेक्षा दोन मीटर जास्त. आम्ही २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलावर साडेसत्तावन्न फूट बघितलेली माणसं, आम्हाला आकडा कोणी समजावून सांगायला नको होता. बंद दुकानांच्या भिंतीवर वर कुठंतरी पाण्याची रेघ दिसली आणि ही गप्पच झाली. तिथंही लोकांनी आपल्या छोट्या बोटी काढून माणसं छपरावरून उतरवली. आणि पुरात पहिल्यांदा काय बसतं? वीज आणि ड्रेनेज. पंप बंद पडला की शहरातला संडास उलटा वाहायला लागतो, हे मी नोकरीत दोनदा अनुभवलंय, २००५ ला आणि २०१९ ला (दुसऱ्यांदा रिटायर असूनही बोलवलं होतं). त्या म्हाताऱ्याचा भुशाचा संडास डोंगरावर कोरडाच्या कोरडा असणार हे तेव्हा डोक्यात आलं. शहराला तो चालणार नाही हे मला कळतं, लाख लोकांचा भुस्सा आणायचा कुठून.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढी शाई घालवली. २०२१ साली आपल्या राज्यानं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चांगली गोष्ट आहे, माझा मुलगाही म्हणतोय पुढच्या वेळी कोकणात अशी गाडी घेऊ. पण माझा प्रश्न एकच, त्या गाडीचा तांबडा दिवा गुहागरच्या अलीकडं लागला तर पेटी न्यायची कुठं? ऑस्ट्रेलियात लहान लहान गावात डंप पॉइंट दिसला, एक काँक्रीटचा चौथरा, झाकण, धुवायला नळ, त्या नळावर ठळक पाटी की हे पाणी प्यायचं नाही. खर्च म्हणाल तर एका स्वागत कमानीपेक्षा कमी. आणि संडासाच्या पेटीत घालतात ते निळं केमिकल साध्या सेप्टिक टँकला झेपत नाही, आतले जंतूच मरतात, तेव्हा रिसॉर्टच्या मागच्या शोषखड्ड्यात ओता म्हणून भागणार नाही. आधी एसटी डेपो, तालुक्याचे मैला प्रक्रिया प्लांट जिथं चालू आहेत तिथं एकेक चौथरा बांधा, नकाशावर टाका, मग गाड्यांच्या जाहिराती करा. नाहीतर रात्री अकराला कोण कुठल्या पऱ्ह्यात, ओढ्यात काय ओततंय हे बघायला कोणी जाणार नाही, आणि सकाळी त्याच पऱ्ह्याच्या खाली कुणाची तरी विहीर असते.

कोणा खात्याला चौथऱ्याचं ड्रॉइंग हवं असेल तर मी मापं घेऊन आलोय, टेप लावून, फोटोसकट. हिनं तिथं माझे निंबिनचे तेवढेच फोटो काढलेत.

आपला,
एक निवृत्त ड्रेनेजवाला, सांगली

ता.क. वायसर अजून माझ्याकडंच आहे. गाडी परत करताना कंपनीवाल्यानं टोपण बघितलं, म्हणाला सगळं ठीक आहे, तेव्हा मी तो काढून खिशात घातला आणि आता बघा म्हणलं.